पत्रिकेतली दोन बोटे जागा

पत्रिका वाळल्या, बेबीताई.

तुम्ही गेलात त्या दुपारी माझ्या लग्नाच्या दोनशे पत्रिका तुमच्या मागच्या खोलीत दोऱ्यांवर चिमट्यांनी टांगलेल्या होत्या आणि त्यांवरची शाई पुरती वाळली नव्हती. नंतरचे तेरा दिवस त्या खोलीकडे कोणी फिरकले नाही. तेरवीची माणसे पांगल्यावर तुमच्या सुनेने, ज्योतीने, कडी काढली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं सामान हाय आत. घेऊन जा, नाही तर धूळ बसते." मी एक पत्रिका काढून तिच्यावरून अंगठा फिरवला. शाई कागदात पक्की बसली होती. अक्षरे माझी होती, पण ती कागदावर उतरवायला शिकवणारा हात तुमचा होता, आणि त्या क्षणी मला दोरीवरच्या पुढच्या पत्रिकेला हात लावणे जमेना.

हे पत्र मी तुम्हाला लिहीत आहे याचा तुम्हाला राग येईल, याची मला कल्पना आहे. समोर बसून बोलायचे ते मी लिहून मोकळी होते, हाच तर तुमचा माझ्यावरचा मुख्य आरोप होता. तो खरा आहे. परंतु तुमच्याशी बोलण्याची संधी मी माझ्या हाताने घालवली, आणि आता माझ्यापाशी एवढेच साधन उरले आहे.

आपली ओळख तशी जुनी होती. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकाच्या शेवटी चिकटवतात त्या तारखांच्या चिठ्ठ्या तुम्हीच छापून देत होता. मी वणीतल्या तुमच्या दारात येई, नमुन्याची चिठ्ठी हाताने लिहून देई, किती हव्यात ते सांगे आणि परत फिरे. तुम्ही "चहा घ्या ना" म्हणायच्या आत मी रस्त्यावर पोहोचलेली असे. साठी ओलांडलेल्या बाईला सगळे गाव बेबी म्हणते, याचे मला मनातून हसू येई. पण तेही मी तुम्हाला कधी सांगितले नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी आले ते चिठ्ठ्यांसाठी नव्हे. दुकानात लग्नपत्रिकांचे जाडजूड अल्बम पाहून आले होते. प्रत्येक पत्रिकेत सोनेरी गणपती, आणि वधूच्या नावामागे चि. सौ. कां. माझे वय चव्वेचाळीस, त्यांचे एकोणपन्नास. ते कोळसा खाणीत सर्व्हेअर आहेत, पहिली पत्नी वारल्याला सात वर्षे झाली, मुलगी नागपूरला नोकरी करते. एवढे सगळे मी तुमच्यासमोर पाठ म्हटल्यासारखे म्हटले आणि विचारले, की आम्हा दोघांना चिरंजीव न म्हणणारी एखादी पत्रिका छापता येईल का.

तुम्ही हसला नाहीत. हसाल, अशी तयारी करून मी आले होते.

"ते बोलतात का?" तुम्ही विचारले.

"कोण?"

"नवरदेव."

"कमीच."

"अन् तुमी अशा. मंग दोघं मिळून घरात काय कराल, वाचन?"

मग तुम्ही लाकडी चौकट उचलून माझ्यापुढे धरली. तिच्यावर जाळीचे कापड ताणून बसवलेले होते. "अल्बममधली पत्रिका तुमाले नको. मले तुमच्यासाठी नवी सुचत नाही. अक्षर तुमचं चांगलं हाय, मी चिठ्ठ्यांवर पाह्यलं. तुमीच लिवा, तुमीच छापा. शिकवते."

मी म्हणाले, आता या वयात कुठे. तुम्ही म्हणालात, "लग्न या वयात होते, अन् कार्ड होत नाही काय?"

म्हणून मी शिकले.

खरे तर 'शिकले' हा शब्द मोठा आहे. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने मजकूर लिहायचा. जाळीवर अंधाऱ्या खोलीत रसायन फासून ते वाळवायचे, त्यावर कागद ठेवायचा, वर काच, आणि सारे उचलून उन्हात धरायचे. ऊन लागेल तिथले रसायन कडक होते. अक्षरांखालचे मऊ राहते, पाण्याने धुऊन जाते, आणि त्या वाटेने शाई खाली उतरते. मी ग्रंथालयशास्त्राची पदवीधर. तुम्हाला विचारले, किती सेकंद धरायचे? तुम्ही म्हणालात, "वणीचं ऊन घड्याळ पाहून पडते काय? चटका बसला की उचलायचं." मी तरीही मनात साठ मोजले. अक्षरे करपून जाळीत बुजून गेली, एकही उघडले नाही. तुम्ही ती चौकट खरवडून धुतलीत आणि पुन्हा माझ्या हातात दिलीत. तिसऱ्या वेळी मला चटका कळला.

पहिल्या वीस पत्रिका वाया गेल्या. कुठे शाई पसरायची रबरी पट्टी तिरपी ओढली गेली, कुठे शाई फुटली. ज्या बऱ्या निघाल्या त्यांवर कोळशाच्या ट्रकांची धूळ येऊन बसली आणि बारीक काळे ठिपके पडले. मी त्या बाजूला काढायला लागले, तर तुम्ही हात धरलात. "राहू द्या. वणीचं कार्ड हाय. जरा काळं लागनच." त्या दिवसापासून तुम्ही खिडकीला ओली साडी बांधू लागलात. ठिपके कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. आज ते मला बरे वाटतात.

त्या संध्याकाळी चौकटी धुताना तुम्ही तुमच्या लग्नाची गोष्ट सांगितली होती. "आयुष्यभर लोकायचे कार्डं छापले मी. आमच्या लग्नाले कार्डच नव्हतं. माहा बाप सायकलवर गावोगाव सांगत गेलता. हातात अक्षदा अन् तोंडात निरोप. चार दिवस फिरला. लग्नाच्या दिशी त्याचा आवाज बसला होता, मंगलाष्टक म्हणता येईना त्याले." मी ऐकत होते. ही गोष्ट तुम्ही मला उद्देशून सांगत आहात, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

छपाईच्या आधी मजकूर लिहायलाच मी आठ दिवस घेतले होते. पूर्ण पानभर झाला. आम्ही कसे भेटलो, उशिरा घेतलेला निर्णय विचारपूर्वक कसा घेतला आहे, आणि समारंभ साधेपणाने का करत आहोत, हे सारे त्यात होते. तुम्ही चष्मा लावून तो सबंध वाचलात.

"मॅडम, हे वाचेपर्यंत जेवणाची पंगत उठते."

"काय काढायचं?"

"कोन, कुठं, कवा. बाकी तुमी जाऊन सांगा."

बाकी मी जाऊन सांगायचे नाही, म्हणूनच तर ते पत्रिकेत लिहिले होते. हे मी तुम्हाला सांगितले नाही, पण तुम्हाला ते कळले असावे, कारण तुम्ही माझ्याकडे नुसते पाहत राहिलात. मजकूर चार ओळींवर आला.

मग निमंत्रकांच्या नावांचा प्रश्न आला. आपल्याकडे पत्रिकेत कोणाचे नाव कोणाच्या वर, यावरून घराघरांत अबोले धरले जातात हे मला ठाऊक होते. मी त्यावर एक निर्दोष उपाय शोधून काढला होता. काका, मामा, चुलतभाऊ अशी एकवीस नावे मी अकारविल्हे लावली. ग्रंथालयात आम्ही तसेच करतो आणि आजवर एकाही लेखकाने तक्रार केलेली नाही. तुम्ही यादीवरून बोट फिरवत खाली आलात.

"हे हरिभाऊ कोन?"

"माझे थोरले काका. घरात सगळ्यांत वडील."

"मंग सगळ्यायच्या शेवटी काहून?"

"ह शेवटी येतो."

"अन् हा अमोल?"

"मामेभाऊ. बारावीला आहे."

तुम्ही कागद खाली ठेवलात आणि पदर तोंडाला लावलात. हसू आवरून झाल्यावर म्हणालात, "हे लग्नाचं कार्ड हाय का मतदार यादी? हरिभाऊ काठी घेऊन येतीन, मॅडम."

मला फार लाज वाटली. लाज वाटली की मी टोकाला जाते. मी तिथल्या तिथे सगळी एकवीस नावे खोडली आणि म्हणाले, निमंत्रक आम्ही दोघेच. तुम्ही ते मान्य केलेत, एका अटीवर. भावाचे नाव हवे.

इथून आपला वाद सुरू झाला, बेबीताई, आणि तो अपुरा राहिला.

दादाविषयी मी तुम्हाला फारसे सांगितले नव्हते. वडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पांढरकवड्याजवळच्या गावचे शेत त्याने अंगावर घेतले आणि मला वणीच्या कॉलेजात आणून सोडले. वसतिगृहाच्या दारात माझी पेटी ठेवून, वळून न बघता तो बसस्टँडकडे गेला होता. त्या माणसाने गेले चार महिने माझ्याशी एक शब्द काढला नव्हता.

"कसं सांगितलं त्याले?" तुम्ही विचारलेत.

"मेसेज केला."

तुमच्या हातातली रबरी पट्टी थांबली. "मोबाईलवर?"

"व्यवस्थित लिहिला होता. दोनदा तपासून."

"लिवला असन. पन मोबाईलवर तुमचं अक्षर तरी दिसते काय? भाऊ हाय तो. पांढरकवड्याची बस दिवसातून कितीकदा जाते?"

मी म्हणाले, त्याने उत्तर दिले नाही, याचा अर्थ त्याला हे लग्न मान्य नाही. ज्याची संमती नाही त्याचे नाव छापणे मला शोभणार नाही. तुम्ही म्हणालात, भावाचे नाव टाकायला विचारावे लागते काय? मी म्हणाले, लागते. तुम्ही म्हणालात, मग जाऊन विचारा. तुम्ही ट्रेसिंग पेपर ओढून घेतलात, आमच्या नावांच्या वर दोन बोटे आडवी ठेवलीत आणि पेन्सिलीने खूण केलीत. "एवढी जागा सोडून लिवा. तो हो म्हणन तवा दुसऱ्या चौकटीनं वरून छापू."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर मोकळी राहीन. मोकळी जागा पाहून कोनी जेवाचं सोडत नाही."

मी तशी जागा सोडून लिहिले, पण मनात धुमसत होते. दोनशे पत्रिका ओढून होईपर्यंत तुम्ही आणखी दोनदा दादाचा विषय काढलात. दुसऱ्या वेळी मी म्हणाले, "आमच्या घरातलं तुम्हाला काय माहीत?"

माझ्या आयुष्यात मी कोणाला इतके कठोर बोललेली नाही. आवाज चढला नव्हता. माझा चढत नाही. पण खोलीतली हवा पालटली. तुम्ही एवढेच म्हणालात, "नसन माहीत. पट्टी सरळ धरा." आणि उरलेल्या पत्रिका आपण न बोलता छापल्या. जाताना मी "येते" म्हणाले. तुम्ही हात धूत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योतीचा फोन आला.

क्षमा मागायला मी त्या दिवशी संध्याकाळी येणार होते. तीही मी कागदावर लिहून ठेवली होती. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्यात काय आहे ते इथे उतरवत नाही. तुम्ही तो वाचला असता आणि म्हणाला असता, कोण, कुठं, कवा एवढंच ठेवा. म्हणून एवढेच म्हणते: बेबीताई, चुकले. तुम्हाला आमच्या घरातले माझ्याहून अधिक माहीत होते.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी एक पत्रिका घेतली, तिच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावले आणि पांढरकवड्याची बस धरली. तिथून ऑटोने गावात. वाटेत काय बोलायचे ते पाठ केले होते. दादा अंगणात ताडपत्रीवरचा कापूस गोळा करत होता. मला पाहून म्हणाला, "आली का?" जसे मी सकाळीच दळण आणायला गेले होते. पाठ केलेले सगळे विसरले.

मी उभ्याउभ्या म्हणाले, "दादा, हे मी तुला आधी तोंडानं सांगायला पाहिजे होतं."

तो कापूस भरत राहिला. मग म्हणाला, "माहा चष्मा नव्हता जवळ. तुह्या वहिनीनं वाचून दाखोला तो मेसेज. 'कळविण्यास आनंद होतो की'. मले वाटलं ग्रामपंचायतीची नोटीस हाय."

आतून वहिनी हसल्या. मलाही हसू आले आणि त्यातच रडूही आले. दादा कापसाकडेच पाहत होता. "माणूस वाईट हाय असं मी कदी म्हटलं काय? मी चौकशी केली त्याची. चांगला हाय. पन तू मले नोटीस पाठोली." चार महिने ज्याला मी विरोध समजत होते तो रुसवा होता. दिवसातून कितीतरी बसगाड्या त्या रस्त्याने जातात आणि मी त्यांतल्या एकीतही बसले नव्हते.

त्याने हात झटकून पत्रिका घेतली. चष्मा शोधून आणला. बराच वेळ वाचली. चार ओळींना लागतो त्याहून अधिक वेळ.

"हे तू लिवलं?"

"हो. छापलीही मीच. म्हणजे शिकवणाऱ्या होत्या एक."

"ही वरची जागा सुटली काय छापताना?"

"सोडली आहे. तुझं नाव टाकायचं आहे. विचारल्याशिवाय टाकलं नाही."

दादाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "भावाचं नाव टाकायले इचारा लागते?"

बेबीताई, जशीच्या तशी तुमची ओळ. तुम्ही त्याला कधी पाहिलेही नव्हते. त्या वेळी तुम्ही शेजारी असावे असे मला इतके वाटले, की मी दाराकडे एकदा वळून पाहिले.

"टाक," तो म्हणाला. "अन् वहिनीचं बी टाक. नाही तर मले इथं जेवाले भेटणार नाही."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटण्याआधीच रजा टाकून मी तुमच्या अंगणात उभी होते. ज्योतीने अंधाऱ्या खोलीत जाळीवर रसायन फासून दिले. तिला यातले इतके येते हे मला ठाऊक नव्हते. "सासूबाईच्या मागं उभं राहून पाह्यलं," ती म्हणाली. "त्या कदी करू देत नव्हत्या. म्हणे, तुहे हात खराब होतीन." तुमच्याशी माझा हा एक नवा वाद आहे: माझे हात तुम्ही खुशाल खराब केलेत आणि तिचे राखलेत. ते आता चालणार नाही. ती चौकटी सोडणार नाही म्हणते, आणि कॉलेजच्या चिठ्ठ्या मी तिच्याकडेच छापून घेणार आहे.

चौकट उन्हात धरली आणि काहीही मोजले नाही. चटका बसला तेव्हा उचलली. दोन्ही नावे स्वच्छ उघडली. पत्रिका बसवायला तुम्ही पुठ्ठ्याचे दोन काटकोन चिकटवून ठेवले होते, ते तसेच होते. ज्योतीने पत्रिका सरकवायची, मी पट्टी ओढायची. शंभराच्या पुढे गेल्यावर माझ्या खांद्यात कळ आली आणि तुम्ही इतकी वर्षे दिवसभर हे कसे करत होता, असा प्रश्न मला प्रथमच पडला. तो तुम्हाला कधीतरी विचारायला हवा होता. दोनशेपैकी तीन बिघडल्या.

रविवारी दादाच्या गावी गेले ते पत्रिकांचा गठ्ठा घेऊन. माझा बेत असा होता की गावातल्या पत्रिका त्याच्या हाती द्याव्यात आणि दुपारच्या बसने परतावे. त्याने मोटारसायकल काढली आणि म्हणाला, "बस मागं."

"तू दे ना दादा. तुला सगळे ओळखतात."

"माहं नाव वरतं हाय. लगन तुहं हाय."

पहिले घर भावकीतल्या एका म्हाताऱ्या आत्याचे होते. त्या ओसरीत बसून तूर निवडत होत्या. दादा दारातच थांबला आणि मोटारसायकलच्या आरशावरची धूळ पुसू लागला. पुसण्याजोगी काही नव्हती. मी दोन पायऱ्या चढून गेले, वाकून नमस्कार केला आणि पत्रिका पुढे केली. आत्यांनी ती उलटसुलट पाहिली. वाचता येत नसावे. कोपऱ्यातल्या हळदीवरून बोट फिरवून त्यांनी ते कपाळाला लावले.

"कोन्या पोरीचं वो लगन?" त्यांनी विचारले. "त्या वसंताच्या का, तुह्या चुलतभावाच्या?"

दादाने मान वर केली नाही. त्याला सगळे ऐकू येत होते. मी त्याच्याकडे पाहिले, मग पत्रिकेकडे, मग आत्यांकडे.

"माझं," मी म्हणाले.

आत्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. त्यांनी तुरीचे सूप मांडीवरून खाली ठेवले, शेजारची सतरंजी झटकली आणि म्हणाल्या, "तुहं? मंग उभी काहून हाय, माय? बस. सांग मले, कसा हाय तो?"

मी बसले. पुढे अजून अठरा घरे होती.